आई मध्येच थांबते

आमच्या टीममध्ये कुणालाही विचारा, मी भांडकुदळ आहे असंच सांगतील. आहेच मी. पण त्या दिवशी मीटिंगमध्ये भांडले ती कामासाठी नाही, आईसाठी. आणि आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हल्लीच्या गाडीत लोखंडापेक्षा सॉफ्टवेअरच जास्त. फोनला येतं तसं गाडीलाही नवं सॉफ्टवेअर येतं आणि तिची आपणहून चालायची, ब्रेक लावायची रीतच बदलून जाते. खऱ्या गाडीत जाण्याआधी ते कंप्युटरमधल्या खोट्या रस्त्यांवर चालवून बघायचं, हे माझं काम. पाऊस खोटा, धुकं खोटं, माणसंही खोटी. गाडी कुणाला धडकली की ते माणूस पडद्यावर करडं होऊन जागच्या जागी थिजतं आणि माझ्या रिपोर्टात लाल ओळ उमटते. बाकी रक्तबिक्त काही नाही.

माणसं खोटी असली तरी त्यांच्या चाली मात्र खऱ्या माणसांच्या घेतलेल्या. म्हाताऱ्या बाईची चाल हवी होती, तेव्हा बोलावलेल्या नट्या कमरेवर हात ठेवून नुसत्या कण्हत चालल्या. मी वैतागले आणि सरळ आईलाच घेऊन आले. अंगाला चिकटणारा काळा पोशाख, त्यावर कॅमेऱ्यांना चाल टिपता यावी म्हणून पांढरे ठिपके. आरशात बघून ती म्हणाली, "अगं बाई! लग्नाआधी ह्यात दिसले असते, तर तुझे बाबा धूम पळाले असते."

हॉलमध्ये जमिनीवर रस्ता आखलेला होता. आई तुरुतुरु निघाली, मधोमध थांबली, मान वळवून मागे बघितलं, जराशी उभी राहिली आणि मग पुढे गेली.

"काकू, मध्ये थांबायचं नाही," रेकॉर्डिंग करणारा म्हणाला.

"थांबले कुठे मी?"

पुन्हा चालली, पुन्हा तेच. सगळे हसले, मीही हसले, कारण मला ठाऊक होतं. बाबांचा गुडघा जन्माचा दुखरा. जन्मभर ती पुढे आणि हे मागे. रस्ता ओलांडताना ती मध्येच थांबायची, मागे वळायची आणि ओरडायची, "या हो लवकर, रस्ता काही आपल्या नावावर नाही!" त्या दिवशी बाबा घरी होते, पण तिच्या मानेला ते कुठे माहीत होतं! आम्ही तीच चाल ठेवली. त्या चालीने चालणाऱ्या पडद्यावरच्या बाईचं नाव टीमने ठेवलं मावशी.

मग तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता आई गेली. बाबांनी रस्ता ओलांडणंच सोडलं. बाग पलीकडे, त्यांचे गप्पा मारणारे मित्र पलीकडे, आणि हे कोपऱ्यापर्यंत जाऊन माघारी येतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "पलीकडे काय ठेवलंय आता?"

अशात नवं सॉफ्टवेअर आलं. मावशी दिसली की गाडी वेग कमी करायची, इथवर ठीक. पण तिने मागे बघितलं की गाडीला वाटायचं, बाई माघारी फिरली, आपला रस्ता मोकळा. गाडी पुन्हा वेग घ्यायची आणि आई करडी व्हायची. उन्हात, पावसात, तिन्हीसांजेला, सगळीकडे तेच. रोज सकाळी हातात चहा आणि समोर हे. चहा तसाच ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन परत यायचे.

आमच्या साहेबांना आम्ही तारीखसाहेब म्हणतो, कारण तारखेशिवाय ते दुसरं काही बोलतच नाहीत. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "मावशीचं रेकॉर्डिंग सदोष आहे. रस्त्याच्या मधोमध कोण थांबतं? काढून टाका."

काढून टाकलेलं रेकॉर्डिंग आमच्याकडे कायमचं पुसतात. माझ्याकडे आईचे फोटो आहेत ढीगभर, पण फोटो चालत नाहीत. डोक्यात तिडीकच गेली माझ्या.

"सदोष कोण? माझी आई? सदोष तुमची गाडी! रस्त्यात माणूस उभं असताना पुढे जाते ती!"

कोपऱ्यात ब्रेकवाला बसला होता. गाडीने कधी थांबायचं ते नियम तोच लिहितो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो हळूच म्हणाला, "पण ती मागे का बघते?"

"मागे बाबा असतात."

"आपल्या रस्त्यावर मागे कुणीच नाहीये. गाडी बिचारी शिकणार कशी? बाबांना घेऊन ये."

साहेबांनी घड्याळ बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

बाबा आले. काळा पोशाख त्यांना ढगळ झाला. आई गेल्यापासून किती वाळलेत ते मला तेव्हा दिसलं. सगळं समजावल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ती थांबते कुठे?" मी जमिनीवर चिकटपट्टी लावून दाखवली.

आणि बाबा निघाले ते जवळजवळ धावतच. पाय लंगडतोय, धाप लागलीय, तरी थांबायचं नाव नाही.

"काका, सावकाश," ब्रेकवाला ओरडला. "नेहमीच्या चालीने या."

बाबा भिंतीला टेकले. "नेहमीच्याच चालीने चाललो हो जन्मभर. एकदा तरी गाठू द्या की तिला."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "बाबा, गाडीला तुमची खरी चाल कळली पाहिजे." मग ते पुन्हा सुरुवातीला गेले आणि आपल्या चालीने, गुडघा सांभाळत आले.

शुक्रवारी बाबा माझ्या शेजारी खुर्चीत बसले. साहेब मागे उभे होते. ब्रेकवाल्याने नियम बदलला होता: मधोमध कुणी मागे बघितलं, तर मागून आणखी कुणीतरी येतंय असं धरायचं आणि दोघं पार होईपर्यंत हलायचं नाही.

पडद्यावर आई आली. बाबांनी माझं मनगट घट्ट पकडलं. ती मधोमध थांबली, मागे वळली. पडद्यावरचे बाबा नुकते फुटपाथवरून उतरत होते. गाडी आली, हळू झाली आणि थांबली. आई त्या दिवशी हॉलमध्ये जेवढी थांबली होती तेवढीच थांबली आणि पुढे गेली. बाबा एकटेच रस्त्यात राहिले. ते पार होईपर्यंत गाडी जागची हलली नाही. ओळ हिरवी झाली.

"राहू दे हे रेकॉर्डिंग," साहेब म्हणाले आणि बाहेर गेले.

बाबा पडद्याकडे बघतच होते. "तिला अजून थोडं थांबवता येतं का गं तुला?"

येत होतं. डाव्या हातचा मळ होता माझ्या. म्हटलं, "येतं बाबा. पण मग ती चाल आईची राहणार नाही."

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "मग नको. पुन्हा एकदा लाव."

मी लावलं. आई निघाली, मधोमध थांबली, मान वळवून मागे बघितलं.

"आलो गं, आलो," बाबा खुर्चीतून म्हणाले.