शांतवन मास्तरांचा ठराव

"तुझ्या वडिलांनी मला हे दिलं," असं म्हणून रेव्हरंड हिलरींनी चार घड्यांचा एक कागद माझ्यापुढे धरला. मी वॉर्डात एका आजीचा रक्तदाब घेत होते. कागद उघडला, पहिली ओळ वाचली आणि आजीचा आकडा साफ विसरले. तिची माफी मागून तो पुन्हा घ्यावा लागला.

हिलरी म्हणजे ट्रली या आयरिश गावातल्या आमच्या छोट्याशा प्रोटेस्टंट चर्चच्या पाळक. दर गुरुवारी हॉस्पिटलात आपल्या माणसांना भेटायला येतात. इथे घर जळालं तरी लोक 'ग्रँड', म्हणजे 'सगळं मस्त', म्हणतील, पण त्या दिवशी हिलरी तसं काही म्हणाल्या नाहीत.

कागद सत्तावीस वर्षांपूर्वीचा होता. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीचा ठराव. मंडळीची सभासद नंदा हिने परधर्मीयाशी नोंदणी विवाह करून पाप केले असल्याने, ती मंडळीसमोर उभी राहून कबुली देईपर्यंत तिला प्रभुभोजनातून बंद करण्यात येत आहे. खाली पाच सह्या, त्यातली तिसरी माझ्या वडिलांची. त्याखाली निळ्या शाईत सगळ्याचं इंग्रजी भाषांतर. मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माझ्या वडिलांचं, शांतवन मास्तरांचं, ते अक्षर मी आंधळी झाले तरी ओळखेन. एक स्वल्पविरामसुद्धा चुकला नव्हता.

शेवया, कुरडया आणि नातीसाठी, इशितासाठी, विणलेलं स्वेटर यांच्याबरोबर पप्पांनी हा कागदही बॅगेत घालून आणला होता. एकोणऐंशी वर्षांचा माणूस दोन विमानं बदलून तीन महिन्यांसाठी लेकीकडे राहायला येतो, आणि लेकीचं पाप घडी घालून सोबत आणतो.

या कागदाचं काय करू, असं हिलरींनी मला विचारलं. मी म्हटलं, फाडा. त्या म्हणाल्या, त्यांनी विश्वासाने दिलाय, मी कसा फाडू? मग चाचरत म्हणाल्या, रविवारी प्रभुभोजन वाढायची तुझी पाळी आहे, जड जात असेल तर दुसऱ्या कुणाला सांगते. हिलरींच्या बोटांना संधिवात आहे. भाकरीची ती पातळ पापडी त्यांच्या चिमटीत येत नाही, म्हणून द्राक्षरसाचा प्याला त्या स्वतः देतात आणि भाकरीची थाळी आम्ही तिघं-चौघं पाळीपाळीने फिरवतो. माझी पाळी मीच करणार, असं मी त्यांना सांगितलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी मान उचलून पाहिलं.

ते परधर्मीय पाप म्हणजे हृषीकेश. मी नर्स म्हणून इथे आले, तो माझ्यामागून आला, आणि आता गावात टॅक्सी चालवतो. ठरावाची गोष्ट त्याने आयुष्यभर थट्टेवारी नेली. "तुझं पाप भुकेजलंय, दोन पोळ्या वाढ," असं तो आजही म्हणतो. गाडीत मी त्याला कागद दाखवला तेव्हा मात्र त्याला थट्टा सुचली नाही. घरापाशी मला उतरवलं आणि मी एक फेरी मारून येतो म्हणाला. शहाणा माणूस आहे.

पप्पा स्वयंपाकघरात चहा करत होते. मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी पाहिला, गॅस बारीक केला आणि म्हणाले, "मी खोटं काही सांगितलं नाही, नंदा. जे आहे ते सांगितलं."

का सांगितलं, असं मी विचारल्यावर त्यांनी शाळेत समजावत तसं समजावलं. कबुली न देता जो त्या थाळीला हात लावतो तो आपल्यावर दंड ओढवून घेतो, अशी शिकवण आहे. तू नुसता हात लावत नाहीस, वाटतेस. इथे आल्यावर पहिल्याच रविवारी तुला तिथे उभी पाहिली, तेव्हापासून मला झोप नाही. तुझ्या काळजीने सांगितलं, बाई.

काळजी त्यांना खरंच होती. डोळे लाल होते. त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

आता आईचं सांगायला हवं. ठरावानंतर तीन वर्षांनी आई आजारी पडली. मी रजा टाकून गेले आणि बावीस दिवस तिचं सगळं केलं, तोंडात पाणी घालण्यापासून कूस बदलण्यापर्यंत. शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले. खाटेभोवती आम्ही सगळे बसलो. थाळी पप्पांच्या हातात होती. त्यांनी आईला दिलं, माझ्या भावाला दिलं, मावशीला दिलं. आई म्हणाली, "नंदाला द्या." तिला बोलायचे किती कष्ट होत होते ते मला माहीत होतं. पप्पांनी थाळी उचलली आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या शेजारणीपुढे धरली. आईने डोळे मिटून घेतले. नंतर ती चार दिवस होती, पण पप्पांशी एक शब्द बोलली नाही.

हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"पप्पा, पाप म्हणजे काय ते तुम्ही मला लहानपणी पाठ करून घेतलंत. देवाची आज्ञा मोडणे. मी तीस वर्षं माणसं मरताना बघतेय. 'नियम मोडला' म्हणून रडणारा एकसुद्धा अजून भेटलेला नाही. अमक्याला हात द्यायला हवा होता, दिला नाही, एवढंच सांगतात. म्हातारी माणसं माझा हात धरून तेवढंच सांगतात. आईने तुमच्याकडे काय मागितलं होतं?"

"मी पंच होतो."

"तिच्या खाटेपाशी पाळकसाहेब होते, पंच होते. तिचा नवरा कुठे होता? माझा बाप कुठे होता?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला नाही, त्यांनीही केला नाही.

"त्या पापाचा ठराव कुणी केला?" मी विचारलं. "त्याच्यावर सह्या कुणी केल्या? रविवारी थाळी माझ्या हातात आहे. यायचं असेल तर या. नाहीतर घरी बसा." आणि एवढं बोलून मी वर निघून गेले. वाईट वाटलं म्हणाल, तर अजिबात नाही. चोवीस वर्षं दाबून धरलेलं होतं.

शुक्रवार-शनिवार पप्पा आणि मी एकमेकांना टाळत होतो. हृषीकेश पप्पांना समुद्रावर फिरवून आणायचा, आणि जेवताना हवामानावर बोलायचा. रविवारी सकाळी मी खाली आले तर पप्पा कोट-टाय घालून, केसांना पाणी लावून खुर्चीत बसलेले. वाटेत हृषीकेश गाडी चालवत होता, ते खिडकीबाहेर पाहत होते.

आमच्या उपासनेला जेमतेम तीस माणसं असतात. वेदीपुढच्या कठड्यापाशी आठ-आठ जण गुडघे टेकतात. पप्पा दुसऱ्या रांगेत आले. कठड्याला धरून, एक गुडघा, मग दुसरा, असे खाली बसले. खरं सांगते, तिथवर माझं ठरलेलं नव्हतं. त्यांच्यावरून थाळी तशीच पुढे न्यावी, सगळ्यांदेखत न्यावी, असं मला वाटत होतं. चांगलं वाटत होतं तसं वाटायला. एकेकाच्या तळहातावर पापडी ठेवत, ठरलेलं वाक्य म्हणत मी सरकत होते. मग पप्पांसमोर आले.

त्यांनी हात पुढे केले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. मी पापडी उचलली. ती उचललीच कशी, कोण जाणे. ते वर न बघता मराठीत, अगदी हळू म्हणाले, "मी त्या दिवशी पाप केलं. तुझ्या आईविरुद्ध आणि तुझ्याविरुद्ध. माझ्यावरून पुढे ने."

मला राग आला, पूर्वीपेक्षा जास्त. द्यायचं की नाही ते मी ठरवणार होते. तेवढं एक माझ्या हातात आलं होतं, तेही या माणसाने स्वतःच ठरवून टाकलं. ती पापडी धरून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शेजारी टेकलेल्या इथल्या एका शेतकऱ्याने आपले राठ तळवे आधीच उघडून धरले होते. ती मी त्याच्या हातावर ठेवली.

रांग उठली. पप्पांना उठता येईना. कठडा धरून त्यांनी दोनदा जोर केला आणि पुन्हा खाली बसले. मागची रांग उभी राहून वाट पाहत होती. मी थाळी हिलरींच्या हातात दिली, कठड्याचं दार उघडून पलीकडे गेले आणि काखेखाली हात घातला, वॉर्डात रोज घालते तसा. "तीनला उठायचं," मी म्हटलं. "एक. दोन. तीन."

ते उठले. कोटाच्या आत माणूस असा नव्हताच. उभे राहिल्यावरही माझं मनगट त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. हृषीकेश मागच्या बाकावरून पुढे येईपर्यंत मी ते सोडवलं नाही. मग आत गेले, थाळी परत घेतली आणि पुढच्या रांगेला वाढू लागले.