तीन सेलची बोट

खोटं बोलायचंच तर माणसाने निदान एखाद्या भोळसट माणसाशी बोलावं. ज्योतीरामच्या नशिबात तेही नव्हतं. त्याला फसवायचं होतं सदाशिवरावांना, आणि तेसुद्धा बोटीच्या बाबतीत.

सदाशिवराव चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूमचे निवृत्त प्रमुख. ज्योतीराम लातूरकडचा. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली लेथवर होता, मग चिखलीत पत्र्याची शेड घेऊन त्याने स्वतःचं एक मशीन टाकलं. नोकरी सुटली तरी साहेबांचा रविवार काही सुटला नाही. दर रविवारी सकाळी दोघे मोशीच्या जुन्या दगडखाणीवर जायचे. खाणीत बारमाही पाणी. तिथे ते बॅटरीवर चालणारी, हातातल्या रिमोटने वळणारी अडीच फुटांची लाल बोट पळवायचे. दोन बाप्ये माणसं एका खेळण्यापायी चिखल तुडवतात म्हणून मोशीतली माणसं सुरुवातीला हसली. मग एकदा बोट मोटरसायकलच्या वेगाने पाणी कापत गेलेली त्यांनी पाहिली आणि गप्प बसली.

कामाची वाटणी ठरलेली होती. मोटर आणि बॅटरी सदाशिवराव निवडणार, पितळी प्रोपेलर, म्हणजे पंखा, ज्योतीराम घासणार. अगदी सुरुवातीला ज्योतीरामचा हिशेब साधा होता: पंखा मोठा, तर वेग जास्त. साहेबांना न विचारता त्याने एकदा भलामोठा पंखा चढवला आणि दोन मिनिटांत मोटर जाळून ठेवली. सदाशिवराव असे भडकले की काठावरचे बगळे उडाले.

"अरे, सायकलला सगळ्यात जड गियर टाकून कुणी घाट चढतं का? मोटर एका व्होल्टला किती फेरे घेते ते आधी बघ. बॅटरीत सेल किती ते बघ. मग पंख्याचं माप ठरतं. तिघांचं एकमेकांशी जमलं पाहिजे!"

त्या दिवसापासून एक रीतच पडली. बोट पाण्यात सोडण्याआधी ज्योतीरामने मोठ्याने सांगायचं: मोटर अमुक, सेल इतके, पंखा इतका. सदाशिवरावांनी तेच शब्द पुन्हा म्हणायचे, मगच बोट पाण्यात. एकदा ज्योतीरामने पंखा बेचाळीसचा म्हणून सांगितला आणि निघाला साडेएकेचाळीसचा, घासताना जास्त गेला होता. सदाशिवरावांनी ते पाठमोरं उभं राहून, नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि पुढचे दोन रविवार त्याच्याशी बोलले नाहीत. अर्ध्या मिलिमीटरसाठी अबोला धरणारा माणूस जगात दुसरा नसेल. ज्योतीरामला मात्र त्या अबोल्याचाही अभिमान होता. तो शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा सांगायचा.

मग साहेबांचा हात कापायला लागला.

आधी चहाच्या कपाने सांगितलं, मग रिमोटने. बोट सरळ जायची ती नागमोडी जायला लागली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती थेट खाणीच्या दगडी भिंतीवर आपटली आणि नाकापासून उभी फाटली. रिमोट गळ्यात तसाच ठेवून सदाशिवराव गाडीत जाऊन बसले. ज्योतीरामने काचेतून पाहिलं, साहेब रडत होते. त्याने पटकन मान फिरवली, कारण ते त्याने बघणं बरोबर नव्हतं.

पुढे दोन महिने खाणीवर कुणी गेलं नाही. आणि एक दिवस मृदुलावहिनी, सदाशिवरावांच्या पत्नी, स्वतः रिक्षाने चिखलीला शेडवर आल्या.

"ज्योतीरामभाऊ, ऋता आम्हाला बेंगळुरूला घेऊन जातेय. कायमचं," त्या म्हणाल्या. ऋता म्हणजे त्यांची मुलगी. "पुढच्या महिन्यात निघायचं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, ह्यांच्या हातून बोट नीट फिरू दे. शेवटची आठवण ती भिंत नको."

"हाताचं काय करावं वहिनी? बोट पळती वाऱ्यावानी. हात हलला की गेली भिंतीवर."

"हळू करता येणार नाही का?"

"करता येईल की. पण साहेबांना कळंल. आवाजावरनं कळंल. मग मला जित्ता सोडतेत व्हय?"

"तुम्ही करा तर खरं, मग बघू," एवढंच म्हणून वहिनी उठल्या.

ज्योतीराम कामाला लागला. फुटलेली बोट त्याने सांधली, रंगवली. चार सेलच्या बॅटरीऐवजी तीन सेलची लावली. वेग उतरला, पण बोट पाण्यावर उठेना. ढुंगण पाण्यात रुतवून, नाक वर करून, म्हशीसारखी चालायला लागली. हे तर आंधळ्यालाही कळलं असतं. मग त्याने मोठा पंखा लावला. बोट उठली, पण मोटर चटका बसावा इतकी तापली. मग त्याने कमी फेऱ्यांची, जरा लांब, ताकदीची मोटर आणली, मोठा पंखा तसाच ठेवला, त्याच्या पात्यांच्या कडा कानशीने हलकेच वळवल्या. रोज संध्याकाळी काम संपलं की खाणीवर. तिसऱ्या आठवड्यात जमलं. बोट निम्म्याच वेगाने जात होती, पण ऐटीत, पाण्यावर उठून. हात कापला तरी सावरायला वेळ मिळत होता. आयुष्यात पहिल्यांदा मोटर, बॅटरी आणि पंखा या तिघांचं ज्योतीरामने एकट्याने जमवलं होतं. आणि ज्यांना ते दाखवून शाबासकी घ्यायची, नेमकं त्यांच्यापासूनच ते लपवायचं होतं.

लपवण्यातही त्याने कसूर केली नाही. तीन सेलची बॅटरी जुन्या चार सेलच्या वेष्टनात घातली. वजन तेवढंच भरावं म्हणून आत शिशाची पट्टी ठेवली.

"आणि आवाज?" त्याच्या बायकोने, अंबूबाईने विचारलं. इतक्या वर्षांत तीही या विषयात तयार झाली होती.

"आवाज कुठनं आणू?" ज्योतीराम म्हणाला. "शिव्या खाईन. साहेबाच्या शिव्या मला नव्या हायत का?"

रविवारी सकाळी ऊन कोवळं होतं. सदाशिवराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वहिनींनी त्यांचा दंड धरला होता. ज्योतीरामने बोट काठावर ठेवली आणि ताठ उभा राहिला.

"मोटर जुनीच," तो म्हणाला. "सेल चार. पंखा बेचाळीस."

"मोटर जुनी," सदाशिवराव सावकाश म्हणाले. "सेल चार. पंखा..." ते थांबले.

"बेचाळीस," ज्योतीराम म्हणाला.

"हां. बेचाळीस."

बोट पाण्यात गेली. सदाशिवरावांचा अंगठा रिमोटवर थरथरत होता, पण बोट ऐकत होती. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. भिंतीजवळ ती जरा वाकडी झाली, तेव्हा वहिनींनी डोळे मिटले. पण ती वळली आणि परत मधल्या पाण्यात आली. ज्योतीरामचं बोटीकडे लक्षच नव्हतं. तो कान टवकारून उभा होता. मोटरचा आवाज कितीतरी खालच्या पट्टीत होता. पूर्वीची बोट किंचाळायची, ही गुणगुणत होती. आता ओरडतील, त्याला वाटलं. आता. या फेऱ्याला नाही तर पुढच्या फेऱ्याला.

"काय पळतेय रे!" सदाशिवराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "चार सेलचा दम बघ! मृदुला, बघतेस ना?"

खरं तर ज्योतीरामचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण साहेबांना आवाज ओळखूच आला नव्हता. त्याने वहिनींकडे पाहिलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"नुसता हातच नाही हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सहा महिने झाले, विसरायला लागलेत. परवा ऋताचं नाव आठवेना. तुम्हाला सांगायला हवं होतं. पण म्हटलं, एका माणसापुरते तरी हे अजून साहेब असू देत."

ज्योतीरामला ते पटेना. पटवून घ्यायचंच नव्हतं त्याला. अर्धा मिलिमीटर पाठमोरा राहून ओळखणारा माणूस असा कसा जाईल? बॅटरी उतरत आल्यावर बोट काठाला लागली. ती उचलून घेऊन तो सरळ सदाशिवरावांपुढे जाऊन उभा राहिला. झाकण काढलं, बॅटरीचं वेष्टन फाडलं, शिशाची पट्टी हातावर ठेवून दाखवली.

"साहेब, मी खोटं बोललो. तीनच सेल हायत. मोटर बी बदललीय. पंखा बेचाळीसचा न्हाई, सेहेचाळीसचा हाय." त्याचा आवाज चढला होता. "तुमच्याशी खोटं बोललो मी, साहेब!"

त्याला वाटत होतं, भडकावं त्यांनी. काठावरचे सगळे बगळे उडावेत. दोन रविवारच काय, जन्मभर बोलू नये.

सदाशिवरावांनी शिशाची पट्टी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत त्याच्या हातावर ठेवली.

"असू दे रे," ते म्हणाले. "तीन काय आणि चार काय. पळाली ना?"

ज्योतीराम नुसता मान हलवत राहिला आणि डोळ्यांतलं पाणी त्याच्या मिशीत उतरलं. साहेबांसमोर तो कधी रडला नव्हता. जळालेल्या मोटरच्या वेळीही नाही, कंपनी सोडली त्या दिवशीही नाही.

सदाशिवरावांनी कापऱ्या हाताने त्याच्या खांद्यावर थोपटलं. अनोळखी माणसाला धीर द्यावा तसं, अगदी सौजन्याने.

"अहो, रडताय कशाला?" ते म्हणाले. "छान केलीत तुम्ही बोट."

अकरा वर्षं कंपनीत आणि पुढची नऊ वर्षं या खाणीवर त्यांनी ज्योतीरामला कधी अहोजाहो केलं नव्हतं.