'सेट'चा राहिलेला अर्थ

हेस्टरने जेलीचा साचा थाळीवर उपडा धरला आणि नेली म्हातारीने सांगितल्याप्रमाणे वरून दोनदा थोपटलं. लाल जेली थरथरत खाली उतरली आणि तशीच उभी राहिली.

"झाली की सेट," नेली म्हणाली. "रेशनची साखर घातलीय तिच्यात, सेट न होऊन सांगते कुणाला. आता टेबल सेट कर, पोरी. पाहुणी असलीस म्हणून काय झालं."

हेस्टरने काटे-चमचे मांडले. एका दमात दोन अर्थ आले होते, पण दोन्ही तिच्याकडे केव्हाचे जमा होते.

हेस्टर डेंटन शहरातल्या एका शब्दकोशाच्या कचेरीत काम करायची. गेले अकरा महिने तिच्या टेबलावर एकच शब्द होता. सूर्य मावळला की सेट, सिमेंट आळलं की सेट. मोडलेलं हाड बसवायचं, घड्याळ लावायचं, तारीख ठरवायची, कोंबडी अंड्यांवर बसवायची, सगळ्याला सेट. प्रत्येक ठिकाणी दुसरा चांगला शब्द हाताशी होता, पण इंग्रज माणसं तो घ्यायला तयार नव्हती. तिच्या खोक्यांत एकशे सव्वीस अर्थांची कार्डं लागली होती. जेवताना समोरच्याने मीठ पुढे सरकवलं तरी तिच्या मनात ते कुठल्या खोक्यात जाईल याचा विचार सुरू व्हायचा.

राहिला होता एकशे सत्ताविसावा. कुणाला सोबत करणं, वाटेला लावून देणं. जुन्या पत्रांत तो सापडत होता आणि लहानपणी आईच्या तोंडी ऐकल्याचं हेस्टरला पक्कं आठवत होतं. पण आई आता नव्हती, आणि आठवण हा पुरावा नव्हे, असं मुख्य संपादक पार्जिटर म्हणायचे. बोलणारं जिवंत माणूस हवं. तेही न विचारता बोललेलं. "तुम्ही विचारलंत की लोक तुमचं मन राखायला हो म्हणतात," ते म्हणाले होते. सोमवारी पानं छापायला जाणार होती. दाखला नसेल तर त्या अर्थापुढे छोटा क्रूस पडणार होता, म्हणजे मेलेला. म्हणून शनिवारी सकाळी बस पकडून हेस्टर या समुद्राकाठच्या गावी आली होती. तिची आई इथलीच, आणि नेली आईच्या ओळखीची.

चहा झाला. दुपारभर नेली बोलत होती आणि हेस्टर ऐकत होती. शेवटी तिने जरा आडवाट धरली.

"तुमच्या वेळी नाच संपल्यावर मुली घरी कशा यायच्या हो?"

"चालत."

"एकट्या?"

"एकट्या कशाला? मी बिली स्टोरबरोबर यायचे. म्हणून तर मी नेली स्टोर झाले."

"मग बिली काय करायचे?"

नेलीने कप बशीत ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं. "अगं, जेलीसमोर सांगायच्या गोष्टी आहेत का त्या?"

हेस्टर हसली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेवढ्यात मागचं दार उघडून नेलीचा पुतण्या रूबेन आत आला. हातातली खेकड्यांची बादली त्याने मोरीपाशी ठेवली आणि टोपी काढली.

"एवढा वेळ कुठे होतास?" नेलीने विचारलं.

"पिंजरे सेट करत होतो, काकू."

अठ्ठ्याऐंशीवा, हेस्टरने मनात म्हटलं.

रूबेनने उभ्याउभ्याच उरलेली जेली संपवली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि शहराची शेवटची बस सहाला दहा कमी असताना कड्याच्या वरून सुटायची. हेस्टर उठली. कार्डांचा कोरा गठ्ठा पिशवीत तसाच होता. दिवस फुकट गेला असं मात्र तिला वाटेना. तिने नेलीचे आभार मानले आणि कोटाच्या एका बाहीत हात घातला.

"थांबा," रूबेन म्हणाला. "पायऱ्यांवर शेवाळ धरलंय. मी सेट करतो तुम्हाला."

हेस्टरचा दुसरा हात बाहेरच राहिला.

"काय करता?"

"सेट करतो. वर बसपर्यंत."

"अरे, तिला कळेल असं बोल," नेली म्हणाली. "शहरातली आहे ती."

"कळलं मला," हेस्टर म्हणाली आणि कोट अर्धा अंगावर असतानाच खुर्चीत बसली. नेलीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पायऱ्या खरोखरच निसरड्या होत्या. रूबेन पुढे चालला होता आणि वाईट पायरी आली की मागे न बघताच तिच्यासाठी हात मागे करत होता. तिसऱ्या वळणावर हेस्टरने त्याला सगळं सांगून टाकलं, अकरा महिने, कार्डं, क्रूस, पार्जिटर. तो थांबून ऐकत राहिला. खाली समुद्र उन्हात चकाकत होता.

"म्हणजे मी गप्प बसलो असतो तर शब्द मेला असता?"

"कागदावर तरी."

"काकूला सांगू नका. 'मीच शिकवला त्याला' म्हणेल ती, आणि ते खरं आहे."

वर पोचल्यावर तिने भिंतीवर कार्ड टेकवलं आणि वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मग खालचे रकाने भरायला घेतले.

"पूर्ण नाव?"

"रूबेन स्टोर."

"वय?"

"चव्वेचाळीस."

"जन्म कुठला?"

त्याने खाली बोट दाखवलं. "ते निळं दार."

"व्यवसाय?"

"खेकडे."

पेन्सिल कार्डावर जरा थांबली.

"लग्न?"

"नाही झालं." रूबेनने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चढावर बसचा आवाज येऊ लागला होता. "एका शब्दासाठी एवढं सगळं लिहावं लागतं?"

"शेवटचं नाही लिहावं लागत," हेस्टर म्हणाली.