निगाता आजींची चिठ्ठी

जपानमधल्या कुरे बंदराच्या वरच्या आमच्या वस्तीत दर शुक्रवारी आणि शनिवारी मी मुलांना प्लास्टिकची जहाजं जोडायला शिकवतो. त्या शनिवारी साडेनऊ वाजता सभागृहाचं कुलूप काढलं, टेबलावरची ‘सोर्‍यू’ पाहिली आणि दारातच थबकलो. त्या विमानवाहू जहाजाची लांबलचक धावपट्टी सांगाड्यावर बसलेली होती. नुसती ठेवलेली नव्हे, चिकटवलेली.

माझ्या मागोमाग माझी विद्यार्थिनी चिनामी आली. वय अकरा, हात माझ्यापेक्षा स्थिर.

“कशी बसलीय? काल तुम्ही लवकर गेल्यावर मीच पूर्ण केली, मगच कुलूप लावलं. तुम्हीच म्हणता ना, काम अर्धं टाकून उठू नये!”

मी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. ती वस्तीतल्या निगाता आजींची. त्यांचा थोरला भाऊ या जहाजाच्या बॉयलरखान्यात कामाला होता आणि महायुद्धात जहाजाबरोबरच बुडाला. घरी काहीच परत आलं नाही. आजींनी स्वतःच्या हातानं त्याचं नाव लिहून दिलं होतं. धावपट्टी बसवण्याआधी चिठ्ठी आत ठेवायची, मग त्या जहाज घरच्या पितरांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवणार. दहा वाजता त्या न्यायला येणार होत्या. आणि हे सगळं मी चिनामीला सांगायचंच विसरलो होतो.

आता सांगितलं, तशी ती म्हणाली, “तुमच्या खिशात काय काय राहतं हो गुरुजी! मागच्या आठवड्यात चिमटा, आज माणूस.” हसली, आणि माझा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं.

प्लास्टिक जोडायचं आमचं पातळ सिमेंट डिंकासारखं नुसतं चिकटत नाही. ते प्लास्टिक विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव करतं. तरी मी सर्वांत बारीक पातं घेतलं आणि मागच्या टोकाच्या सांध्यात घातलं. कर्र असा आवाज झाला. धावपट्टीवर केसाएवढी पांढरी रेघ उमटली. मी हात मागे घेतला. दहाला वीस मिनिटं होती.

“सांगूच नका ना,” चिनामी हळूच म्हणाली. “आत आहे म्हणायचं. कुणाला दिसतंय?”

मी तिला रागवायला हवं होतं. रागावलो नाही, कारण तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. चिठ्ठी मी पुन्हा खिशात घातली.

पायऱ्यांवर काठी वाजली.

“काय मास्तर, एवढा घाम? जहाज ओढत आणलंत की काय?” आजी आत येत म्हणाल्या. त्यांनी ‘सोर्‍यू’ दोन्ही हातांनी उचलली आणि कानाशी हलवून पाहिली. “आवाज नाही. नीट बसवलंत ना त्याला?”

चिनामी जहाजाकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

“आजी, तो आत नाही,” मी म्हणालो आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

“मी चिकटवलं,” चिनामी म्हणाली.

“मी तिला सांगितलंच नव्हतं.”

आजींनी धावपट्टीवरची पांढरी रेघ न्याहाळली. मग म्हणाल्या, “उघडता येईल?”

“बहुतेक मोडेल.”

“मग नको. खरं जहाज एकदा मोडलंय तेवढं पुरे.” त्यांनी जहाज उलटं केलं आणि सपाट बुडावरून बोट फिरवलं. “याचं खालचं कुठंय?”

“ही जहाजं पाण्याच्या रेषेपर्यंतच असतात. टेबलावर तरंगल्यासारखी दिसावीत म्हणून. पाण्याखालचा भाग बनवतच नाहीत.”

“आणि बॉयलर कुठे असायचे?”

इतकी वर्षं मी हे शिकवतो, पण हा विचार कधी केला नव्हता. “खाली,” मी म्हणालो. “पाण्याच्या खाली.”

“म्हणजे आत ठेवला असता तरी तो चुकीच्याच मजल्यावर!” चिनामी बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

आजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“पोरीचं डोकं चालतं हो मास्तर. तुमचं-माझं नाही चाललं.”

त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवून वर जहाज ठेवलं. घडीमुळे ते डुगडुगलं. त्यांनी ते उचललं, एकेक घडी उलगडली आणि कागद तळहातानं दाबून सपाट केला.

“कुठे होता तो?”

मी धुराड्याच्या खाली बोट दाखवलं. चिनामीनं जहाज अलगद उचलून धरलं. आजींनी कागद सरकवला.

“थोडा मागे,” मी म्हणालो.

“अजून?”

“अजून जरासा.”

“सोडू?” चिनामीनं विचारलं.

“थांब.” आजींनी वाकून ते नाव एकदा वाचलं. “हं. आता सोड.”