ताईने शिजवलेलं रक्त

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत आणि तिला टरकूनही असत. साथ आल्यापासून तिने नियमच करून टाकला होता: विलगीकरण वॉर्डातली रक्ताची प्रत्येक नळी आधी अर्धा तास गरम पाण्यात, छप्पन्न अंशांवर. विषाणू मेला की मगच यंत्रावर. कुणी कुरकुर केली की ती विचारायची, घरी लेकरं आहेत ना? मग गरम करा मुकाट्याने. आणि तिचं काही चूक नव्हतं हो, माणसं जपायलाच हवी होती.

आज त्या वॉर्डात तिची सख्खी धाकटी बहीण होती. साथीच्या तापात वर अपेंडिक्स सुजलेलं, फुटायच्या बेतात. सर्जनने ऑपरेशनची तयारी केली आणि रक्त नीट गोठतं का ते बघायला नळी पाठवली. ताईने ती नियमाप्रमाणे गरम करून यंत्रावर लावली. यंत्र आपलं वाट बघतंय, बघतंय, आणि शेवटी म्हणतं काय, तर गुठळी झालीच नाही.

ताईने पुन्हा लावलं तरी तेच. सर्जनने फोनवर स्पष्ट सांगितलं की अशा रक्तावर चाकू चालवला तर बाई टेबलावरच जाईल. तेवढ्यात आईचा फोन वाजायला लागला. ताईने उचललाच नाही. काय डोंबल सांगणार होती ती आईला?

पण एक गोष्ट तिला पटेना. वॉर्डातली नर्स म्हणत होती, सुई टोचलेली जागा चटकन बंद झाली. मग यंत्र असं का बोलतंय? ताईने नळी उजेडात धरली. वरचा पिवळसर द्रव गढूळ झाला होता, उकडायला लागलेल्या अंड्यासारखा. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. गोठण्याची तपासणी त्या वॉर्डातून आजवर कधी आलीच नव्हती!

तिने बाही वर केली आणि सहकाऱ्याला म्हणाली, "माझं काढ."

तिच्या रक्ताची एक नळी गरम केली, एक तशीच ठेवली. तशीच ठेवलेली छान गोठली. गरम केलेली काही केल्या गोठेना. स्वतःचं रक्त गोठत नाही म्हणून इतकी हरखलेली बाई कुणी पाहिली नसेल. गुठळी बांधणारं प्रथिनच उष्णतेने शिजलं होतं, धाकटीचं रक्त धडधाकट होतं!

तिने सर्जनला फोन लावला. "नियम माझा, चूकही माझी. ताजी नळी पाठवा, ही गरम करणार नाही."

तो भडकला, पण नळी आली. मास्क, दुहेरी हातमोजे, काचेची बंद पेटी, असा सगळा जामानिमा करून ताईने ती स्वतः लावली. गुठळी अगदी वेळेवर झाली. सर्जनला कळवलं. मग आईला फोन केला, आणि इतका वेळ का उचलला नाहीस म्हणून पोटभर बोलणी खाल्ली.

संध्याकाळी वॉर्डातून धाकटीचा फोन आला. आवाज जड, पण कुरकुर नेहमीचीच.

"ताई, टाके फार दुखतायत गं."

"दुखू दे," ताई म्हणाली, "दुखू दे गं बाई." आणि फोन कानाला तसाच धरून ती हमसून हमसून रडली.