थापाड्यांना जागा नाही

आग्नेल सर गेले, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी गिरीज गावातल्या त्यांच्या शेडचं कुलूप उघडलं. क्लास मीच चालवावा, असं त्यांची मुलगी रिचेल म्हणाली होती. अट एकच, पप्पांचा नियम मोडायचा नाही.

आमच्या खेळात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं. सरांनी तो व्हिडिओ कॅसेटी बघून बसवला होता. गावात त्याला कराटेच म्हणायचे. यात हात किंवा मान कैचीत सापडली की थाप मारायची. म्हणजे हरलो, सोड. सर मात्र पहिल्याच दिवशी मिशीत हसत सांगायचे, "माझ्याकडे थापाड्यांना जागा नाय." आम्हीही हसायचो, आणि कुणीच थाप मारायचं नाही.

त्या विनोदापायी अठ्ठ्याण्णव साली माझा उजवा कोपर गेला. आज आठ वर्षं झाली, तो सरळ होत नाही. आमच्या माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये तेव्हा सरांच्या नावाने शिमगा झाला. पण मला क्लासला पाठवावं म्हणून याच माणसाने चार चकरा मारून बाबांना पटवलं होतं. "ही पोरगी कुणाला घाबरायची नाय," असं माझ्याबद्दल पहिल्यांदा म्हणाले तेही सरच. मला त्यांचा राग येतो आणि आठवणही येते. दोन्ही एकदमच येतात, त्याला मी काय करू?

रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर सगळे जमले. पाचूबंदरचा काळूराम हा सरांचा सगळ्यात जुना चेला. त्याच्याशी रिचेलची झुंज लावली. दोन मिनिटांत त्याने तिचा हात मांड्यांत धरून मागे ताणला. तिचे ओठ पांढरे पडले.

"थाप मार!" मी ओरडले.

"नाय मारनार!"

मी काळूरामच्या पाठीत गुद्दा घातला, तेव्हा कुठे तो सुटला.

"पप्पा असते तर..." रिचेल हुंदका गिळत म्हणाली.

"पप्पा असते तर तुझा हात मोडला असता."

बोलून गेले खरी, पण शब्द मागे घेणार नव्हते. मग मीच गादीवर आडवी झाले आणि डावा, धड हात काळूरामपुढे केला. "लाव कैची."

त्याने लावली. कोपरात कळ आली, तशी मी सगळ्यांदेखत त्याच्या मांडीवर थाप मारली. काळूराम ताणतच राहिला. मी पुन्हा मारली.

"अरे सोड!"

तो दचकून बाजूला झाला. "सुमेधाताई, मला काय म्हाईत? माझ्याकडं कुनी कधी थाप मारलीच नाय. सोडायचं कधी, ते सरांनी शिकवलंच नाय."

माझा उजवा कोपर मोडला तो यानेच. इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात कसाई म्हणत आले होते. आणि त्या बिचाऱ्याला फक्त धरायचं शिकवलं होतं. मला सरांची लाज वाटली, आणि माझीही.

"मग आज शीक," मी म्हणाले.

रिचेल उठली. डोळे न पुसताच गादीवर आडवी झाली आणि स्वतःहून हात पुढे केला. काळूरामने तो बेताने धरला, ताणला. बराच वेळ ती छताकडे बघत राहिली. मग तिची बोटं गादीवर जेमतेम टेकली, आणि काळूरामने चटका बसल्यासारखा हात सोडला.

"नीट मार," मी म्हणाले. "मला ऐकू आली पाहिजे. पुन्हा."