रस्त्याकडची खिडकी

माझ्याच पोटचा थोरला पोरगा आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, आहे. म्हणजे घरात मी त्याची आई आणि प्रार्थनाघरात तो माझा वडील. दोघांचं पटेनासं झालं तर कुणी कुणाचं ऐकायचं, हे मात्र कुठंच सांगून ठेवलेलं नाही.

आम्ही वेगळे राहणारे लोक. कपडे राखाडी, डोक्याला रुमाल, घरात टीव्ही नाही, गाण्याला वाद्य नाही. बाहेरच्यांच्या उपासनेत आम्ही बसत नाही. शपथ कधी घेत नाही, कारण तोंडातून निघालेला प्रत्येक शब्दच शपथेइतका खरा असायला हवा, अशी आमची शिकवण. आणि गाडी ठेवत नाही.

गाडी ठेवत नाही, पण गाडीत बसतो. यावरून आमच्या मंडळीबाहेरचा व्हॅनवाला मला जन्मभर छळत आला. आमच्या शिवणघरात शहरातल्या इस्पितळासाठी चादरी आणि उशांचे अभ्रे शिवतात. ते गठ्ठे तो न्यायचा. बाळंतिणींना न्यायचा, म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचा आणि दर रविवारी आम्हा गुडघे गेलेल्या बायकांना प्रार्थनाघरी सोडायचा.

"आजीबाई," तो आरशातून बघत म्हणायचा, "पाप नक्की कुठं असतं हो? स्टिअरिंगमध्ये की सीटमध्ये?"

"तुझ्या जिभेत असतं. समोर बघून चालव."

पण एकदा मी त्याला खरं ते सांगितलं होतं. स्वतःची गाडी असली की माणूस मनाला येईल तिकडे उधळतो. दुसऱ्याला विचारावं लागलं की आधी दहादा विचार करतो, जायचं कशाला? आणि विचारावं लागतं म्हणून दुसऱ्याची ओळख राहते. त्यावर त्याने नुसता आरसा नीट केला. त्याने थट्टा केली नाही म्हणजे पटलं, असं मी धरून चालायचे.

मग तो आजारी पडला आणि त्याच इस्पितळात जाऊन झोपला. मी भेटायला गेले. त्याच्या अंगाखालच्या चादरीची किनार बघितली आणि ओळखली. आमच्या धाकट्या सुनेचे टाके, पावसात भिजलेल्या कोंबडीसारखे तिरके.

"आजीबाई, तुमची चादर टोचते."

"चादर नाही टोचत. तुला एका जागी पडून राहायची सवय नाही."

तो हसला, खोकला. मग म्हणाला, "मी गेलो की तुमची ती गाणी लावा."

"आम्ही लावत नाही. आम्ही म्हणतो."

"मग म्हणा. म्हणाल?"

"म्हणू," मी म्हणाले.

एवढा एकच शब्द. दुसऱ्या कुणी दिला असता तर ते रोग्याचं मन राखणं झालं असतं. पण आमच्यात मन राखण्यासाठी दिलेला शब्द असा वेगळा नसतो. जिना उतरताना ते माझ्या ध्यानात आलं, पण परत वर जाऊन तो शब्द मागे घ्यायला मला तोंड नव्हतं.

तो गेला. त्याची मुलगी स्वतः व्हॅन चालवत शिवणघरी आली. डोळे सुजलेले, बापाचं जाकीट अंगात. म्हणाली, "उद्या दुपारी चर्चमध्ये शेवटची प्रार्थना आहे. बाबा म्हणाले होते, तुम्ही गाणार आहात. आजींनी तसं सांगितलंय."

एकेक करत सगळ्या मशिनी थांबल्या. थोरला कापड बेतत होता. त्याने कात्री खाली ठेवली आणि आधी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"मुली, तुझा बाप भला माणूस होता," तो म्हणाला. "आम्हाला जरा बोलू दे."

ती बाहेर गेली. तिला कुणी बस म्हणालं नाही. दार लागलं आणि थोरला म्हणाला, "आई, असा शब्द द्यायचा तुला अधिकार नव्हता."

"अधिकार नव्हता, तोंड होतं."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास!"

आमच्यातला सुतार कोपऱ्यात एका मशीनचं पायडल दुरुस्त करत बसला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलला. "तिथं वाद्य वाजतं. त्यांची प्रार्थना त्यांची, आपली आपली. नियम म्हणजे नियम."

"तू बोलू नकोस," मी म्हणाले. "प्रार्थनाघरातली माझ्या बाकाजवळची खिडकी वीतभरच उघडते, हे तुला सांगून सांगून माझे दात पडले. आधी ती कर, मग नियम शिकव."

धाकटी सून फिस्सकन हसली आणि लगेच टाके घालायला लागली.

थोरला मात्र हसला नाही. तो माझ्याजवळ स्टुलावर बसला आणि हळू आवाजात बोलला. "आई, उद्या आपण त्यांच्या चर्चमध्ये उभे राहिलो, तर परवा आपली पोरं विचारतील, मग तिथं बसलं तर काय बिघडलं? मागे एका रेडिओपायी दोन घरं आपल्यातून निघून गेली. मला आणखी घरं घालवायची नाहीत. आणि तुझा शब्द खोटा पडावा, असंही मला वाटत नाही. मी काय करू, सांग."

तो बरोबर होता. हे वेगळेपण मीच त्याला दुधाबरोबर पाजलेलं. आपलेच दात, आपलेच ओठ. शब्द पाळावा तर मंडळी फुटते. मंडळी राखावी तर एका मेलेल्या माणसाशी मी खोटं बोलले असं होतं, आणि त्याची तर आता माफीही मागता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

तोंड लपवायला म्हणून मी बाहेर बघितलं. ती मुलगी व्हॅनमध्ये बसून होती. काच खाली, कोपर बाहेर, मान किंचित आमच्याकडे कललेली. अगदी तिच्या बापासारखी.

आणि मला दिसलं ते इतकी वर्षं दर रविवारी डोळ्यांसमोर होतं.

"थोरल्या, रविवारी आपण आत गेल्यावर तो कुठं असायचा रे?"

"कोण? व्हॅनवाला? बाहेर. गाडीत."

"कुठं लावायचा गाडी?"

थोरला विचारात पडला. उत्तर सुताराने दिलं, तेही नाइलाजाने. "तुमच्या त्या खिडकीखाली."

"झाडाची सावली पलीकडे, आणि हा भर उन्हात माझ्या खिडकीखाली. मला वाटायचं, मूर्ख आहे. अरे, त्या वीतभर फटीतून तो आपली गाणी ऐकायचा. आपण त्याला कधी आत बोलावलं नाही, आणि त्यानेही कधी आत येऊ का म्हणून विचारलं नाही. आपला नियम आपल्यापेक्षा त्यानेच जास्त पाळला. तो बाहेर बसून ऐकू शकत होता, तर आपल्याला बाहेर उभं राहून म्हणता येणार नाही?"

थोरल्याने कात्री उचलली, परत ठेवली.

"चर्चच्या पायरीच्या अलीकडे," तो शेवटी म्हणाला. "रस्त्यावर. त्यांची प्रार्थना संपल्यावर."

"रस्ता काही कुणाच्या धर्माचा नसतो," मी म्हणाले.

"आई, आता पुरे."

तो स्वतः बाहेर गेला. व्हॅनच्या खिडकीशी वाकून त्याने त्या मुलीला सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हा बराच वेळ तिथंच उभा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चर्चसमोर फुटपाथला लागून उभे राहिलो. सगळे राखाडी, जणू कबुतरांचा थवा. ये-जा करणारे बघत होते, मीही त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. सुतार येणार नाही, अशी माझी खात्री होती. तो आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. आतलं वाद्य थांबलं. शवपेटी पायऱ्या उतरून व्हॅनकडे न्यायला लागले, आणि थोरल्याने पहिला सूर काढला.

खरं सांगते, सुरुवात बरी झाली नाही. उघड्यावर गायची आम्हाला सवय नाही, आवाज वाऱ्यावर उडून जात होता. धाकटी सून टाके घालते तशीच गाते. पण दुसऱ्या कडव्याला समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी हळूच खाली ओढलं, आणि एक बस वाट बघत थांबली, हॉर्न न वाजवता. मग सुताराचा जाड आवाज खालून येऊन सगळ्यांना उचलायला लागला. शवपेटी धरलेली माणसं मध्येच थांबली. गाणं संपेपर्यंत त्यांनी ती खांद्यावरून उतरवली नाही. चर्चच्या पाद्रीबुवांनी दुरूनच थोरल्यापुढे मान झुकवली. थोरल्यानेही झुकवली. त्यापुढे दोघेही गेले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

त्या रविवारी मुलगी व्हॅन घेऊन आली. आम्हा म्हाताऱ्यांना उतरवलं. माझा हात धरताना म्हणाली, "आजी, मी बापासारखी बडबडणार नाही."

"बडबड की," मी म्हणाले. "पण समोर बघून चालव."

माझ्या बाकावर जाऊन बसले, तर खिडकीच्या चौकटीवर नवा रंधा फिरलेला. खाली भुसा तसाच पडला होता. सुताराने झाडला नव्हता. मी दांडी सरकवली आणि खिडकी पुरती उघडली. खाली व्हॅन उभी होती, भर उन्हात.

पुढे उभ्या थोरल्याने खिडकीकडे बघितलं. आता लावा म्हणेल, असं मला वाटलं. पण त्याने सूर काढला. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच.

त्या खिडकीतून आता फार वारा येतो. मानेला लागतो. सुताराला सांगायला हवं, पण या महिन्यात तरी काही सांगणार नाही.